पेरला गहू, उगवला चाकवत

दिवाळी आटोपली की निफाड तालुक्यातल्या ओझर, दीक्षी, सुकेणे या पट्ट्यात सोयाबीन आणि मक्याच्या मोकळ्या रानात गव्हाची लगबग सुरू होते. रोटर फिरवून जमीन अशी भुसभुशीत केलेली असते, की हिरवी काडी शोधून सापडत नाही. बियाणं प्रमाणित, पिशवी सीलबंद. पेरणी होते, सारे पडतात, पाणी दिलं जातं. आणि गव्हाच्या ओळी ओळखू यायला लागतात, तेवढ्यात दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक रोपांचा दाट थर उभा राहतो. चाकवत असतो, चांदवेल असते, हरळीचे धुमारे असतात, कडेकडेनं गाजरगवत. गेल्या वर्षी निंदणीला चांगली मजुरी मोजलेली, त्याच्या आदल्या वर्षी औषध मारलेलं. मग हे पेरलं कुणी?

‘जमिनीतच असतं ते,’ असं कुणीही शेतकरी सांगेल. उत्तर खरं आहे, पण अर्धं. बांधावर, चारीवर, पडीक रानात कितीतरी जातींच्या वनस्पती वाढतात, त्यांचं बी वाऱ्यापाण्याबरोबर शेतातही पडतं. तरी गव्हात दरवर्षी त्याच आठ-दहा जातींचा जोर असतो. सोयाबीनमध्ये त्रास देणारी तणं वेगळी, उसातली आणखी वेगळी. कारण शेतात कोणतं तण टिकायचं हे बऱ्याच अंशी आपणच ठरवतो. नांगरण्याची वेळ, पाण्याची पाळी, बियाणं चाळायची चाळणी, फवारणीचं औषध या सगळ्यांतून जे निसटतं, तेच पुढच्या वर्षी बी धरतं.

मातीतल्या ठेवी

शेताच्या वरच्या थरात तणांच्या बियांचा साठा असतो. तो बँकेतल्या मुदत ठेवींसारखा समजावा. सगळ्या ठेवी एकाच दिवशी पिकत नाहीत. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही वीस वर्षांनी. यंदा उगवलेलं सगळं तण उपटलं, तरी ती फक्त या हंगामात पिकलेली ठेव झाली. बाकीची तशीच पडून असते, आणि एखादं झाड बी धरेपर्यंत शेतात राहिलं की नवी रक्कम जमा होते.

चाकवताची रक्कम मोठी असते. मोकळ्या जागेत माजलेल्या एका झाडावर सत्तर हजारांच्या वर बिया मोजल्या गेल्याची नोंद आहे. गव्हाच्या दाटीत एवढ्या धरत नाहीत, पण हजारांनी धरतात. गंमत म्हणजे त्याच झाडावर दोन प्रकारचं बी येतं. थोडं तपकिरी, पातळ सालीचं. ते पाणी मिळताच उगवतं. बाकीचं काळं, चकचकीत आणि जाड सालीचं. ते वाट पाहतं. एखाद्या वर्षी उगवलेली सगळी रोपं थंडीनं, रोगानं किंवा खुरप्यानं गेली, तरी वंश बुडत नाही.

बी किती काळ वाट पाहू शकतं याचा एक प्रयोग अमेरिकेत अजून चालू आहे. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1879 मध्ये मिशिगनच्या शेतकी कॉलेजात वीस बाटल्यांत एकवीस जातींचं बी ओलसर वाळूत मिसळून पुरलं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून बी उगवतं का ते पाहायचं, अशी योजना. 2021 मध्ये, म्हणजे जवळपास 140 वर्षांनी उकरलेल्या बाटलीतलंही काही बी उगवलं, आणि तेही एका तणाचंच. चाकवत इतका दीर्घायुषी नाही, पण जमिनीत खोल गाडला गेला तर काही दशकं जिवंत राहतो.

मग बियाला कळतं कसं, की आता उठायची वेळ झाली? ओल आणि तापमान तर लागतंच, पण बऱ्याच तणांना प्रकाशाचा इशाराही लागतो. त्यांच्या बियांत प्रकाश ओळखणारा एक रंगद्रव्याचा रेणू असतो. त्याच्यावर तांबडा प्रकाश क्षणभर पडला, तरी तो चालू होतो आणि उगवणीची साखळी सुरू होते. झाडांच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा भाग शोषला गेलेला असतो, त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा भाग तेवढा खाली उतरतो. हा प्रकाश तो रेणू बंद करतो. म्हणजे डोक्यावर दाट पीक असेल तर बी झोपून राहतं आणि उघडं आभाळ मिळालं की उठतं. वखर फिरतो तेव्हा मातीत दडलेल्या बियांना क्षणभर सूर्य दिसतो. तेवढा त्यांना पुरतो. हा तर्क पुढे नेऊन जर्मनीत 1990 च्या सुमारास रात्रीच्या अंधारात नांगरट करून पाहिली गेली. तिथं तण लक्षणीय कमी उगवलं. रात्रीची वीज आली म्हणून पाणी भरायला जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला रात्री नांगरही धरा, असं कुणी सांगू नये हे बरं. शिवाय प्रकाशाची गरज नसलेल्या तणांवर या युक्तीचा काही उपयोग होत नाही.

निफाडची थंडी दोघांनाही मानवते

डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात निफाडचा पारा किती उतरला याची बातमी हमखास येते. तो आकडा बऱ्याचदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर घेतलेला असतो. गव्हावर इथं 1932 पासून काम चालू आहे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती, फुले समाधान ही वाणं याच केंद्राची. गव्हाला फुटवे फुटायला आणि दाणा भरायला थंडी लागते, म्हणून हा भाग त्याला मानवतो. पण चाकवत आणि चांदवेल यांचंही तसंच आहे. सोयाबीनच्या दिवसांत चाकवताचं बी बहुतेक गप्प असतं. पावसाळा सरून रात्री गार व्हायला लागल्या की जागं होतं. उलट लव्हाळ्याला ऊब आवडते. खरिपात रडकुंडीला आणणारा लव्हाळा थंडीत मंदावतो, आणि गव्हात त्याचा तेवढा धाक राहत नाही.

खरी लढाई पहिल्या तीस-चाळीस दिवसांतली. पेरणीनंतर साधारण 18 ते 21 दिवसांनी गव्हाला मुकुटमुळं फुटतात. जमिनीच्या अगदी वरच्या थरात, खोडाच्या बुडाशी फुटणारी ही मुळं पुढे सगळ्या फुटव्यांना जगवतात. त्या वेळचं पाणी चुकवू नये असं प्रत्येक कृषी पुस्तिकेत असतं, ते यासाठी. पण याच पाण्यानं तणाची दुसरी फळी उगवते, आणि त्याच पाण्यामागोमाग युरियाचा हप्ता पडतो. रुंद पानांचं तण तो गव्हाआधी उचलतं. चाळीस दिवसांनंतर गव्हाची पानं एकमेकांना भिडली, सावली पडली, की उशिरा उगवलेल्या तणाचं फारसं काही चालत नाही. म्हणून जानेवारीच्या अखेरीस केलेली निंदणी यंदाच्या पिकापुरती पाहिली, तर शेत सुंदर दिसावं एवढ्यापुरतीच. उत्पादन जे घटायचं ते तोवर घटलेलं असतं.

ओझरकडे पाण्याची गोष्ट आणखी थोडी वेगळी आहे. वाघाड धरणाच्या कालव्यावरच्या इथल्या पाणीवापर संस्था महाराष्ट्रात नावाजलेल्या आहेत. आवर्तन कधी आणि किती, हे संस्था बसून ठरवते. त्यामुळे पाणी बेभरवशाचं राहत नाही आणि त्याच्या आगेमागे निंदणीचं गणित बसवता येतं. पाणी दिलं, वाफसा आला, तण दोन-चार पानांवर आलं, की तीच वेळ खुरप्याची. त्यानंतरच्या आठवड्यात तेच तण मुळं धरून बसतं आणि मजुरी वाढते.

पेरणीची रीतही इथं कामाला येते. कृषी विद्यापीठाची शिफारस वेळेवरच्या गव्हासाठी दोन ओळींत 20 सेंटिमीटर, उशिराच्या गव्हासाठी 18 सेंटिमीटर अंतराची आणि एकेरी पेरणीची आहे. उभी-आडवी पेरणी भरगच्च दिसते, पण तिच्यात खुरपं घालायला वाट राहत नाही. ओळी जवळ असल्या तर सावली लवकर मिळते, हा दुसरा फायदा. बन्सी, खपलीसारखे जुने गहू उंच वाढायचे, तणाच्या डोक्यावरून जायचे. खताला प्रतिसाद देणारे, न लोळणारे बुटके वाण आले, उत्पादन कुठल्या कुठे गेलं, पण सावली कमी झाली. जवाचं (सातूचं) पीक आपल्याकडे जवळपास नाहीच. उत्तरेत मात्र ते गव्हापेक्षा तणाला जास्त दाबतं असा अनुभव आहे. ते सुरुवातीला वेगानं वाढतं, फुटवे अधिक काढतं, आणि त्याच्या मुळांतून पाझरणारी काही द्रव्यं शेजारच्या रोपांची वाढ रोखतात.

तुकडे केले की वाढणारी

हरळी आणि चांदवेल ही जात निराळी. त्यांची भिस्त बियांवर कमी, जमिनीखालच्या अवयवांवर जास्त. चांदवेलीची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जाऊ शकतात आणि त्यांत अन्नाचा साठा असतो. वरचा वेल खुरपला, तरी आठवड्या-दोन आठवड्यांत नवा कोंब वर येतो. ती गव्हाच्या ताटावर पीळ घालत चढते, फिकट गुलाबी-पांढरी फुलं काढते आणि दाणे भरायच्या वेळी वजनानं गहू लोळवते. रोटरनं मुळांचे तुकडे केले तर बहुतेक तुकड्यांतून वेगळी वेल निघते. जमीन झटपट तयार करणारं हे यंत्र चांदवेलीच्या शेतात तिची लागवडच करतं म्हणायला हरकत नाही. त्यापेक्षा उन्हाळ्यात खोल नांगरट करून मुळं वर काढावीत, उन्हात वाळवावीत, वेचावीत. कष्टाचं काम आहे, पण एकदा झालं की दोन-तीन वर्षं जाणवतं.

गव्हाचा वेष घेतलेलं गवत

रुंद पानाचं तण कुणीही ओळखतं. अवघड असतं ते गव्हाच्याच कुळातलं गवत. माणूस हजारो वर्षं हातानं निंदत आला आहे. निंदणारी बाई वेगळं दिसेल ते उपटते, सारखं दिसेल ते राहतं. बियांचंही तेच. सुपानं पाखडलं, चाळणीनं चाळलं, तर गव्हाच्या दाण्याएवढं आणि तेवढ्याच वजनाचं बी गव्हाबरोबर राहतं आणि पुढच्या वर्षी गव्हाबरोबरच पेरलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की तण पिकासारखं होत जातं; कुणी तसं ठरवलेलं नसतं, वेगळं दिसणारी तेवढी मेलेली असतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलं, की राय आणि ओट ही धान्यं अशीच गहू-जवाच्या शेतातली तणं होती. थंड, नापीक प्रदेशात गहू हरला, हे तण टिकलं, आणि लोकांनी शेवटी तेच पीक म्हणून स्वीकारलं. डॉक्टरच्या सल्ल्यानं सकाळी ओट खाणाऱ्यांच्या वाटीत एका जुन्या तणाचे वंशज असतात.

याच्या उलट नशीब युरोपातल्या कॉर्न कॉकल या तणाचं. त्याचं बी मातीत फार टिकत नाही; दरवर्षी बियाण्यात मिसळून पेरलं जाण्यावरच त्याचं सगळं चालत होतं. बियाणं साफ करणारी चांगली यंत्रं आली आणि ते शेतांतून जवळजवळ नाहीसं झालं. चाकवताला अशा यंत्रांचं सोयरसुतक नाही, त्याच्या ठेवी मातीत आहेत.

> चौकट: कोवळं रोप हातात धरून पाहा
>
> पानाचं पातं खोडाला जिथं चिकटतं, तो सांधा उलगडून उजेडात धरा.
>
> गहू: सांध्यावर दोन लहान कानपाळ्या, त्यांवर बारीक केस.
>
> जव: कानपाळ्या मोठ्या, बिनकेसांच्या, खोडाला वेढा घालणाऱ्या.
>
> जंगली ओट: कानपाळ्या नाहीत. पात्याचा पीळ गव्हाच्या उलट दिशेला.
>
> गुल्लीडंडा: कानपाळ्या नाहीत. सांध्यावर पातळ पांढरा पडदा ठळक. बुडखा मोडला तर लालसर झाक.

हरियाणात काय घडलं

महाराष्ट्राच्या गव्हात मुख्य त्रास रुंद पानांच्या तणांचा. पंजाब-हरियाणात मात्र गुल्लीडंडा या गव्हासारख्या दिसणाऱ्या गवतानं शेतकऱ्यांना जेरीस आणलं. तिथं खरिपात चिखलणी करून भात लावतात. पाण्याखाली हवा नसलेल्या चिखलात बऱ्याच तणांचं बी कुजतं, गुल्लीडंड्याचं टिकतं. मागून बुटका गहू, भरपूर पाणी, भरपूर खत. त्याला आणखी काय हवं होतं?

1970 च्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आलं आणि वर्षानुवर्षं तेच वापरलं गेलं. हे औषध तणाच्या पानात अन्न तयार करण्याचं काम बंद पाडतं. तेच गव्हाच्या पानातही जातं, पण गव्हाकडे ते मोडून निरुपद्रवी करणारी विकरं असतात, म्हणून गहू वाचतो. लाखो गुल्लीडंड्यांत एखाद्याकडे ही विकरं थोडी जास्त जोरात काम करत होती. बाकीचे मेले, तो उरला, त्यानं बी टाकलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणातल्या शेतांत औषध मारूनही गुल्लीडंडा डोलत उभा राहायला लागला. तपासात आढळलं, की तो ते विष गव्हाच्याच रीतीनं पचवतो आहे.

निंदणाऱ्या हातानं तणाला गव्हाचं रूप दिलं होतं. फवारणीच्या पंपानं त्याला गव्हाचं पचन दिलं. निवड करणारं साधन बदललं, निवड तीच. 1997-98 च्या सुमारास क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही वेगळ्या पद्धतीनं काम करणारी औषधं आली, आणि काही वर्षांत त्यांनाही दाद न देणारा गुल्लीडंडा निघाला. जास्त उपयोगी पडली ती पेरणीची नवी रीत: भात काढल्यावर न नांगरता लवकर गहू पेरायचा. माती हलत नाही, त्यामुळे बी उठत नाही; आणि हवेत अजून ऊब असते, ती गुल्लीडंड्याला नको असते.

पचनाच्या या फरकामुळेच गव्हाचं प्रत्येक औषध जवाला चालत नाही. क्लोडिनाफॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन ही दोन्ही औषधं गहू सहन करतो, जवाला ती इजा करतात. सल्फोसल्फ्युरॉनचा अंश जमिनीत राहून पुढच्या मका-ज्वारीलाही भोवू शकतो, म्हणून गव्हानंतर काय घ्यायचं हे फवारणीआधी ठरलेलं असावं.

बांधापलीकडे द्राक्षबाग

ओझर-पिंपळगावकडे गव्हाचं शेत बहुधा द्राक्षबागेला लागून असतं, आणि तणनाशकाचा विचार इथं वेगळा करावा लागतो. रुंद पानांच्या तणांसाठी जुनं, स्वस्त औषध म्हणजे 2,4-डी. वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची ती नक्कल आहे. रुंद पानाच्या झाडात ते शिरलं की वाढीचे आदेश बेबंद सुटतात, देठ पिळवटतात, नळ्या दबतात आणि झाड वाढता वाढता मरतं. गवतवर्गातली पिकं हे औषध लवकर निकामी करतात, शिवाय त्यांचा वाढीचा शेंडा पानांच्या आत झाकलेला असतो. द्राक्षवेल रुंद पानाची, आणि 2,4-डीला सर्वांत नाजूक असलेल्या पिकांपैकी एक. अगदी सूक्ष्म अंशानंही तिचं कोवळं पान पंख्यासारखं दुमडतं, शिरा जवळजवळ येऊन समांतर दिसतात.

वेळापत्रकही आडवं येतं. गव्हात फवारणीची शिफारस पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांची, म्हणजे डिसेंबरची. ऑक्टोबर छाटणीच्या बागा त्या वेळी घडांवर असतात. आणि डिसेंबरच्या शांत, धुकट सकाळी निफाडच्या हवेत एक गोष्ट घडते. रात्रभर जमीन गार पडलेली असते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, वर उबदार हवेचा थर. वारा नाही म्हणून फवारायला ही उत्तम वेळ वाटते. पण खालची हवा वर मिसळत नसल्यानं फवाऱ्याचे बारीक थेंब तिच्यात तरंगत राहतात आणि उताराच्या दिशेनं हळूहळू सरकत बागेत शिरतात. ऊन पडून धुकं विरल्यावर, बागेकडून गव्हाकडे वाहणारी मंद झुळूक असताना, जाड थेंबांच्या नोझलनं फवारलेलं बरं. 2,4-डीच्या एस्टर प्रकाराची वाफ होऊन तो आणखी लांब जातो. सोडियम क्षार त्या मानानं सौम्य. त्यातही तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, बागेच्या फवारणीला तो कधीही लावू नये. आमच्या मते बागेला खेटून असलेल्या गव्हात 2,4-डी घेऊच नये. तेवढ्या पट्ट्यात खुरपणी परवडते.

मेटसल्फ्युरॉन मिथाईल हा दुसरा पर्याय. 20 टक्के भुकटी हेक्टरी 20 ग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष औषध 4 ग्रॅम. वनस्पतीला प्रथिनं बांधायला लागणारी काही अमिनो आम्लं तयार करण्याचं एक विकर ते अडवतं. तण लगेच कोमेजत नाही. वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, जीव जायला दोन-तीन आठवडे लागतात. ‘औषध लागलं नाही’ म्हणून दुसऱ्यांदा फवारणी होते ती या मधल्या काळात, आणि ती निव्वळ नासाडी. शेजारच्या बागेची आणि भाजीपाल्याची काळजी इथंही घ्यावी लागतेच.

विकतचं आणि फुकटचं बी

गाजरगवत अमेरिकेच्या पीएल-480 या धान्यमदत योजनेच्या गव्हातून आलं, ही कथा महाराष्ट्रात पाठ आहे. पुण्यात ते 1955 मध्ये दिसल्याचं सांगतात, त्याची नोंद 1956 मध्ये छापून आली, आणि भारताशी पीएल-480 चा करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. अमेरिकी धान्य त्याआधीही येत होतं, त्यामुळे गव्हावरचा संशय पुसला जात नाही. पण करारावरचा आरोप तारखांत बसत नाही. परदेशी धान्य हा एक मार्ग झाला. रोजचे मार्ग जवळचे आहेत. चाकवताचं बी गाईच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. शेणखत नीट कुजून तापलं नाही, तर खताबरोबर तण पसरतं. मेंढ्या बसवल्या की लेंड्यांतूनही तेच. कालव्याचं पाणी चारीच्या काठचं बी वाहून आणतं, म्हणून चारीचं तण फुलायच्या आत कापलं तर पुढची निंदणी हलकी होते.

आणि आता हार्वेस्टर. मार्चमध्ये गहू काढायला येणारी बरीच यंत्रं पंजाब-हरियाणातून, गावोगावची शेतं कापत इथवर पोचलेली असतात. त्यांच्या चाळण्यांत, पट्ट्यांवर, टाकीच्या कोपऱ्यांत आधीच्या शेतांतला कोंडा आणि बी अडकलेलं असतं. यंत्र शेतात उतरवण्याआधी बांधाबाहेर उभं करून रिकामं चालवायला आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं झाडायला मालकाला सांगावं. तो घाईत असतो, कुरकुर करेल. पहिल्या दोन-तीन पोत्यांतला गहू तरी बियाण्याला ठेवू नये.